भेंडीचं पाणी

कारखान्यातल्या पहिल्याच दिवशी कृष्णात गुळव्यानं सगळा माल गटारात घालवला. टाकीवर काळा, चकचकीत फेस दाटून आला तसं त्यानं शेजारचं फावडं उचललं आणि उभी हयात गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढली त्याच सराईत हातानं तो फेस ओढून नालीत लोटून दिला. वर येते ती घाण, खाली उरतो तो माल. हे त्याच्या मनगटाला इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायची वेळच आली नाही.

"अण्णा, अवो अण्णा!" वीरेश धावत आला. "त्योच तर कोळसा! टाकायचा असतोय त्यो खालचा चिखल."

सगळे हसले. वीरेश तेवढा हसला नाही. तेच कृष्णातला जास्त लागलं.

हाच वीरेश एके काळी त्याच्या हाताखाली चुलवाणाला जाळ घालायचा. कृष्णात काहिलीशी उभा राहून नुसतं "जाळ वड" म्हणे, आणि वीरेश घामानं निथळत पेटती चिपाडं मागं ओढी. गुऱ्हाळात गूळ उतरवणाऱ्या गुळव्याच्या शब्दावर शब्द नसे. मग गावचा ऊस बिद्रीच्या साखर कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळं एकेक करून थंड पडली. वीरेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लागला आणि २००१ साली मालकांकडे शब्द टाकून त्यानंच कृष्णातला आत घेतलं.

कारखाना लहानसाच. फौंड्र्यांना साच्याच्या वाळूत मिसळायला कमी राखेचा बारीक कोळसा लागतो, आणि खाणीवरून येणाऱ्या भुकटीत निम्मी माती, म्हणजे जळल्यावर तेवढी राखच. ती भुकटी पाण्यात कालवायची, वर थोडं डिझेल, पाइनच्या तेलाचे चार थेंब, आणि तळातल्या पंख्यानं हवा घुसळायची. कोळशाला पाण्याचं वावडं. तो बुडबुड्याला बिलगून वर येतो. मातीला पाणी धार्जिणं, ती खालीच राहते. काठावरून फळीनं अलगद फेस ओढून घ्यायचा, की झालं.

कृष्णातला वाटे, वीरेशही असाच कुणाला तरी बिलगून वर आला. आपल्यालाच, दुसऱ्या कुणाला.

त्याची नजर दिवसभर वीरेशच्या हातावर असे. तेलाची बाटली कलती करताना तो हात किती वेळ थांबतो, फळी फेसात किती बुडते. वीरेशचा फेस बारीक, दाट, म्हशीच्या पाठीसारखा तुकतुकीत. कृष्णातचा फेस फुगायचा खूप, पण पोकळ. राख नेहमी जास्तच निघायची. पाळी सुटताना वीरेशच्या कपाळावरचे विभूतीचे पट्टे सकाळसारखेच पांढरे असत. कोळशाच्या कारखान्यात हा माणूस मळत कसा नाही? या एका प्रश्नानं कृष्णातचं जेवण कडू होई.

"माझ्या चुलवाणातला गडी," तो ताटावर बसून म्हणायचा, "आज मला तेल मापून देतोय."

"मग तुमी घ्या की मापून," त्याची बायको पारूबाई भाकरी थापताना मान वर न करता बोलली. "हात धरलाय व्हय कुणी?"

"तुला न्हाय कळायचं."

"कळतंय की. इंगळी डसलीया. उतरवायला कुणाला बोलवू, वीरेशलाच?"

कृष्णात अर्ध्या ताटावरून उठला.

पावसाळा सरला आणि दुसरी टाकी बसली. दोन्ही टाक्यांवर मुख्य माणूस एकच नेमायचा होता. मालक बाळासो बोलण्यात रोखठोक. "सोमवारी एकेक टाकी घ्या," ते दोघांना म्हणाले. "ज्येच्या कोळशात राख कमी, त्येच्या हातात दोन्ही टाक्या. दुसऱ्यानं त्येचं ऐकायचं."

दुसऱ्यानं त्याचं ऐकायचं. कृष्णातच्या कानात ते वाक्य रविवारभर पंख्यासारखं फिरत राहिलं. संध्याकाळी तो ओढ्याकडेला गेला आणि रानभेंडीची ताटं कापून घेऊन आला. गुऱ्हाळात ही ताटं ठेचून भिजवायची आणि त्यांचं बुळबुळीत पाणी काहिलीत ओतायचं. रसातली सगळी घाण त्या चिकात गोळा होई. तिथं ती उकळीनं वर यायची. इथं उकळी नाही, म्हणजे गोळा झालेली घाण तळालाच बसणार. हिशेब त्याला बिनचूक वाटला. वीरेशला हे सुचायचं नाही. त्याला ठाऊक फक्त जाळ.

सोमवारी डब्याच्या पिशवीतून आणलेलं ते पाणी त्यानं आपल्या टाकीत ओतलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फेसाचा काळेपणा उतरू लागला. करडा झाला, मग मळक्या ताकासारखा. भेंडीच्या चिकानं मातीला सोडून कोळशालाच धरलं होतं. अंगाला चिक बसलेला कोळसा बुडबुड्याला बिलगेना, तो मातीबरोबर तळाशी चालला. कृष्णातनं तेल वाढवलं, हवा वाढवली. वर नुसते पांढरे बुडबुडे.

तळाचं पाणी हौदात निवळून पंपानं पुन्हा दोन्ही टाक्यांना येत असे. दुपारपर्यंत वीरेशचाही फेस फिका पडला. ते पाहिल्यावर कृष्णातच्या छातीत काहीतरी गोड, गरम उतरलं. आपण बुडालोय, हे तो क्षणभर विसरलाच.

वीरेशनं टाकीत बोटं बुडवून एकमेकांवर चोळली. बोटांमध्ये तार सुटली. गुऱ्हाळात इतकी वर्षं ही ताटं त्यानंच ठेचली होती. त्यानं कृष्णातकडं पाहिलं.

मालक आले, दोन्ही टाक्या बघून तापले. "काय क्येलंसा रं ह्ये?"

"हौदाचं पाणी नासलंय मालक," वीरेश शांतपणे म्हणाला. "हौद धुऊन काढतो. उद्या परत बघूया."

म्हणजे हा आता आपल्याला पाठीशीही घालणार. नोकरी यानं दिली, आज अब्रूही हाच देणार. आणि उद्या त्याच्या हाताखाली उभं राहताना हे सगळं अंगावर वागवायचं. मालक वळले, तसा तो पुढं झाला.

"पानी नासलं न्हाय. मी भेंडी घातली."

"भेंडी? टाकीत? कशाला?"

"ह्येच्या म्होरं जायला."

बाळासो बघतच राहिले. आधी त्यांना हसू फुटलं, मग ते गंभीर झाले. "दोन्ही टाक्या वीरेशकडं. तू उद्यापास्नं वाळवणाच्या खळ्यावर. टाकीला हात लावायचा न्हाय."

ते गेल्यावर वीरेश जवळ आला. "मी झाकलंतं की, अण्णा. कशापायी बोललासा?"

"तू झाकलंतंस म्हणून."

वीरेशच्या तोंडावरचं रक्त उतरलं. तो हौद उपसायला निघून गेला. कृष्णात त्याच्या पाठीकडं बघत राहिला. इतक्या दिवसांत त्या माणसाला पहिल्यांदाच काहीतरी लागलं होतं.

मग त्यानं हात धुतले, सावलीला बसला आणि सकाळपासून तसाच राहिलेला डबा पुसून खाल्ला.