दिगूच्या छातीवरचा पट्टा

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शीळफाट्याच्या कोंडीत अडकलो होतो. दुपारी जेवून खुर्चीत बसला, तो उठलाच नाही... मी वर्तकनगरला पोहोचेपर्यंत आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींनी कारणही ठरवून टाकलं होतं. चालणं! हृदयाचा पेशंट, रोज चढ चढायचा, दुसरं काय होणार, हे त्याच्याच घरात, शैलावहिनींच्या देखत बोललं गेलं. बोलणारे गृहस्थ लिफ्ट बंद असली की पहिल्या मजल्यावरून खाली उतरत नाहीत. महिना होत आला, माझा संताप मात्र जागचा हललेला नाही.

काही वर्षांपूर्वी दिगूला झटका आला, तेव्हापासून घरच्यांनी त्याला शोकेसमधल्या बाहुलीसारखं जपलं. डॉक्टर म्हणाले, चाला, पण ठोके मी सांगतो त्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. वहिनींनी त्यावर अट घातली, की ठोके दिसत असतील तरच उंबरा ओलांडायचा. म्हणजे यंत्र मिळालं तर चालणं, नाहीतर जन्मभर खुर्ची.

मुलाने ठोके मोजणारं भारीतलं घड्याळ आणून दिलं. आता आमच्या कट्ट्याची रीत अशी, की कुणाचीही नवी वस्तू सगळ्यांच्या अंगाला लागल्याशिवाय त्याची होत नाही. नवी चप्पलसुद्धा फिरते. घड्याळही फिरलं. एकाने ते बांधून जोरबैठका काढल्या, एक बांधून बाकावर झोपला, मी बांधून माझा एक ठेवणीतला किस्सा सांगितला. पुढच्या तपासणीला दिगूने घड्याळाच्या नोंदी उघडून मोबाइल डॉक्टरांसमोर ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दिगंबरराव, यातले तुम्ही कोणते?"

हसून झाल्यावर त्यांनी नीट समजावलं. दिगूचे ठोके अनियमित पडत. अशा वेळी मनगटावरचं घड्याळ हालचालीत फसू शकतं. छातीवरचा पट्टा हृदयाचे विजेचे संकेत थेट पकडतो, तो जास्त भरवशाचा. मग आम्ही दुकानात गेलो. विक्रेता झोप, पावलं, पोहणं असं बरंच काही दाखवत होता. दिगूने विचारलं, मर्यादा ओलांडली की हा बोंबलतो का, ते सांग. विक्रेत्याने वय विचारून मर्यादेचा आकडा काढायला घेतला. "तो हिशेब माझ्या गोळ्या न खाणाऱ्यांचा," दिगू म्हणाला, "डॉक्टरांनी दिलाय तोच आकडा टाक." त्यावर तो पोरगेला विक्रेता काय म्हणाला? एवढी भीती वाटते तर काका, घरीच बसा ना! मी त्याची जी आरती केली, ती इथे छापण्याजोगी नाही.

कट्टा तरी कुठे कमी होता? गळ्यात घंटा बांधलेला बैल आला, असं म्हणायचे. दिगू शांतपणे सांगायचा, "अरे, कुकरला शिट्टी चालते, मग मलाच का नको?" आणि खिशात पट्ट्याला जोडलेला मोबाइल वाजला की चढावर जिथे असेल तिथे थांबायचा, कुणी कितीही खिदळलं तरी. आकडा उतरला की पुढे. इतक्या शिस्तीने थांबणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि म्हणे चालण्याच्या नादात गेला!

सगळ्यात वाईट म्हणजे वहिनींना ते पटायला लागलं होतं. मी बसवून ठेवलं असतं तर... एवढंच म्हणायच्या. परवा मी त्यांना ऐकवायला म्हणून भाषण तयार करूनच गेलो. चालला म्हणूनच इतकी वर्षं हसत जगला, वगैरे. त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि मी गॅलरीत उभा राहिलो. समोर दोरीवर पट्टा वाळत होता. नुकताच धुतलेला. टोकाशी पाणी ठिबकत होतं, आणि तो वहिनींच्या मापाला आवळून टाके घातलेला होता.

भाषण जागच्या जागी विरलं. त्या बाहेर आल्या तेव्हा मी एवढंच म्हणालो, की कट्ट्यावर कळलं तर बोलतील, महिना होत नाही तोच बाई फिरायला लागली.

त्यांनी पट्टा दोरीवर नीट पसरला, चिमटा लावला.

"कळू दे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."