घंटांच्या मागचं वाक्य

वडवणीत राहून भारीतला हेडफोन बाळगणारा मास्तर मी एकटाच असेन. शाळेतल्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, "सर, हेलिकॉप्टर चालवायला चाललात काय?" बायको त्याला सवत म्हणते. आई टोपडं म्हणते. मी सगळ्यांचं ऐकून घेतो, कारण हा शौक असा आहे की समजावून सांगायला गेलं की माणूस आणखीच येडा दिसतो.

कान मला बापाकडून आले. आम्ही मेंढपाळ. बापाचा कळप नांदूरघाटाकडच्या माळावर असायचा. बाजारात घंटा घेताना बाप एकेक घंटा कानाशी धरून नखाने वाजवायचा आणि दुकानदार वैतागेपर्यंत घासाघीस न करता नुसता ऐकत बसायचा. कळपातल्या ठरावीक मेंढ्यांना, प्रत्येकीला वेगळ्या सुराची घंटा. दिवस मावळताना कळप धुळीत गुडूप झाला की तो जागेवरून सांगायचा, "लंगडी मागं ऱ्हायली बघ." मला ते लहानपणी चेटूक वाटायचं. नंतर हळूहळू मलाही कळायला लागलं.

बापाच्या शेवटच्या वर्षी मी एक छोटा रेकॉर्डर घेऊन माळावर गेलतो. कळप परत येत होता. मी बांधावर रेकॉर्डर ठेवला आणि बापाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो ताठ उभा राहून भाषण केल्यासारखा बोलला असता. पुढे बाप वारला, मेंढरं विकली, आणि ते रेकॉर्डिंग तेवढं राहिलं. मोबाईलच्या साध्या इअरफोनवर त्यात नुसत्या घंटा ऐकू यायच्या. हा हेडफोन घेतला तेव्हा सगळ्यात आधी मी तेच लावलं. घंटांच्या मागे, उजव्या बाजूला, लांबून बाप खोकला. आणि मग मागं राहिलेल्या कुठल्यातरी मेंढीला म्हणाला, "चल माय, मी हाय ना मागं."

मी खुर्चीत बसून रडलो. खोटं कशाला सांगू.

आईला ऐकवलं. तिच्या डोक्यावर तो हेडफोन पदरावरूनच चढवला. ती आधी हसत होती, मग तिने एकदम पदर पुढे ओढला, बाप घरात आला की ओढायची तसा. ऐकून झाल्यावर म्हणाली, "खोकला तसाच हाय की रे त्यांचा." त्या दिवसापासून तिला मधूनमधून हुक्की यायची. "टोपडं आण," म्हणायची, आणि डोळे मिटून माळावर जाऊन यायची.

आता मैतराचं सांगतो. तो तलवाड्याचा. बीडला डी.एड.ला होतो तेव्हा वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. त्याच्या घरी बागायती जमीन, चुलते पुढारी. मास्तरकी त्याने केलीच नाही. गावात मोबाईल दुरुस्तीचं आणि साऊंड सिस्टिमचं दुकान टाकलं, तेही पोटासाठी नाही, हौसेसाठी. हेडफोनचा नाद मला त्यानेच लावला. सुट्टीत मी त्याच्याकडे जायचो, आणि आम्ही दोन मोठी माणसं खोलीचं दार लावून डोळ्यांवर टॉवेल बांधून बसायचो. एकाने हेडफोन बदलायचे, दुसऱ्याने न बघता सांगायचं, कुठला चांगला. आवाजाची पातळी सारखी ठेवायची, नाहीतर जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. पॅड बदलून ऐकायचं, आतला फोम काढून ऐकायचं. कानावर बसणाऱ्या कपाच्या आतल्या भिंतीवर आदळून आवाज घुमतो, तो मारायला माझ्या डोक्यातून एक युक्ती निघाली: आमच्या मेंढरांची लोकर. आईने ठेवलेली थोडी लोकर मी रिठ्याच्या पाण्यात धुतली, पिंजली आणि आत पातळ थर लावला. घुमणं थांबलं. मैतर म्हणाला, "तुमच्या मेंढरांनी कंपनीला अक्कल शिकवली बे." आम्ही दोघं खूप हसलो.

बाप गेला तेव्हा हाच मैतर रातोरात तलवाड्याहून आला होता. त्याने खांदा दिला. हे मी विसरलेलो नाही, आणि विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच्याकडे माझ्यासारखाच हेडफोन होता, त्याच कंपनीचा, तेच मॉडेल, फक्त त्याने कुणाकडून तरी वापरलेला घेतला होता. एकदा आम्ही दोन्ही समोर ठेवून तुलना केली. गाणी झाली, तबला झाला, मग मी बापाचं रेकॉर्डिंग लावलं. माझ्यात बाप स्पष्ट बोलला. त्याच्यात फक्त घंटा, त्याही गोणपाटाखाली वाजल्यासारख्या. त्याच्या हेडफोनचे आतले ड्रायव्हर, म्हणजे जे हलून आवाज काढतात ते पडदेच, दमलेले होते. त्याने दोन्ही पुन्हा पुन्हा लावून बघितले. मग हेडफोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "चहा घेऊ." मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

थोड्याच दिवसांनी त्याचा फोन आला. "तुझ्या टोपड्याची केबल बदलू की. कंपनीची केबल म्हंजी नुसता दोरा हाय. मी चांगली ओढून देतो, आतून सोल्डर करून. लई फरक पडंल." माझा हात सोल्डरिंगला थरथरतो आणि त्याचा हात म्हणजे सोनाराचा. मी एसटीने जाऊन हेडफोन देऊन आलो. पंधरवड्यानंतर घेऊन आलो. केबल सुरेख विणलेली होती, काळी आणि लाल. "कप उघडू नको," त्याने बजावलं, "कडेनं डिंक लावलाय. उघडलं की सूर बिघडंल."

घरी येऊन बापाचं रेकॉर्डिंग लावलं. घंटा होत्या. बाप नव्हता.

फोन केला. तो म्हणाला, "नवी केबल हाय, वाजू दे महिनाभर, मोकळी होईल." आमच्या शौकात असं मानणारे बरेच आहेत, म्हणून मी मानलं. रोज शाळेत जाताना हेडफोन जुन्या मोबाईलला जोडून, गाणी चालू करून ट्रंकेत गोधडीखाली ठेवायचो. बायको शेजारणीला सांगायची, "आमच्या ट्रंकेत दिवसभर भजन चालतंय." महिना गेला. बाप नव्हता. पुन्हा फोन केला. "मंग तुझा कान त्या जुन्या आवाजाला सवकलाय. कानाला शिकू दे." कानाला शिकवलं. तरी बाप नव्हता. मग तो हळूच, अगदी काळजीने म्हणाला, "एक सांगू का, राग मानू नको. कान दाखीव एकदा. पन्नाशी आली आपली."

मी बीडला जाऊन कान तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. आता कुणी म्हणेल, तेव्हाच का नाही कळलं? कळायला हवं होतं, पण मी उलटंच ठरवलं. कान चांगले, हेडफोन मैतराने हाताने केलेला, मग चूक कुठे? चूक माझ्या मनात. बाप कधी बोललाच नसेल. मला ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं असेल. मैतरालाही बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "व्हतं बे असं. मनाचे खेळ असतेत."

कप उघडून बघता आला असता. डिंक काय, पाच मिनिटांचं काम. पण आमच्यात एक रीत आहे. चाऱ्याच्या टंचाईत आपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात राखायला द्यावी लागतात. प्रत्येक घराची मेंढराच्या कानाला कापून केलेली खूण असते. पण मैतराच्या कळपातून मेंढरं परत आणताना त्यांचे कान तपासायचे नाहीत. तपासले की मैतरकी तिथंच संपली. बापाने जन्मभर ही रीत पाळली, आणि मी मास्तर होऊनही पाळली. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने त्याच दिवशी डिंकाला चाकू लावला असता.

बापाच्या वर्षश्राद्धाला आई म्हणाली, "टोपडं आण." मी टाळाटाळ केली, पण तिने ऐकलं नाही. हेडफोन चढवून ती डोळे मिटून बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. रेकॉर्डिंग संपलं तरी ती तशीच बसली होती. पदर जागचा हलला नव्हता.

"न्हाईत रे," ती म्हणाली.

"आई, त्याचं काय झालंय, केबल..."

"आसू दे. वरीस झालं. आता खरंच गेले म्हणायचे." तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर तिने टोपड्याचं नाव काढलं नाही.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत गेवराईला एका लग्नाची पत्रिका द्यायला गेलतो, तर वाटलं तलवाड्याला वाकडी वाट करावी. हेडफोन पिशवीत होताच. म्हटलं मैतराला एकदा समोरासमोर ऐकवावा. तो घरी नव्हता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बसा, दुकानातून येतेलच आता. चहा टाकते." मी त्याच्या त्या खोलीत बसलो. टेबलावर त्याचा हेडफोन होता. केबल बदलून दिल्यापासून मी त्याचा ऐकलाच नव्हता. मागितला की त्याची वायर तुटलेली असायची, नाहीतर कुणीतरी नेलेला असायचा. आज तो चांगला धडधाकट पडला होता. हात रिकामे होते म्हणून मी डोक्यावर चढवला आणि मोबाईलवर बापाचं रेकॉर्डिंग लावलं.

घंटा वाजल्या. उजव्या बाजूला बाप खोकला.

"चल माय, मी हाय ना मागं."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. पुन्हा लावलं. बाप पुन्हा बोलला. लहानपणी माळावर एक तंटा झाला होता, तो आठवला. एका मेंढीचा कान पुन्हा कापून कुणीतरी खूण बदलली होती, आणि दोघंजण ती आपली म्हणत होते. बापाने वाद ऐकलाच नाही. त्याने त्या दोघांतल्या एकाच्या कळपातलं एक कोकरू सोडलं. ते ओरडलं, मेंढी ओरडली, आणि कोकरू सगळ्यांच्या पायांतून सरळ तिच्या आचळाला जाऊन लागलं. बाप म्हणाला, "कान बदलतो, हाक न्हाई बदलत." मी आता पन्नाशीचा बाप्या, दुसऱ्याच्या खोलीत, तेच कोकरू झालो होतो.

मैतर आला तेव्हा मी तसाच बसलो होतो. दारात पाय ठेवल्या ठेवल्या त्याने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि त्याच्या तोंडाचा रंग उतरला. चप्पल काढायचीही तो विसरला.

मी विचारलं, "माझा बाप तुझ्या हेडफोनात कावून हाय बे?"

"म्हंजी?"

"म्हंजी काय, ऐक की."

त्याने हेडफोन घेतला नाही. "आरं, दोन्ही एका टायमाला खोलले व्हते मी. ड्रायव्हर चुकून इकडचे तिकडं गेले असतेल."

"आन् मला कान दाखवायला बीडला धाडलं तेबी चुकून?"

तो वाकून चप्पल काढायला लागला. मी म्हणालो, "मागितलं असतंस तर दिले असते. चार दिवस तुझ्याकडं ऱ्हाऊ दे म्हणला असतास, ठेवले असते. तुला नवा घ्यायला काय कमी हाय?"

तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं, ते बहुतेक खूप वर्षांपासून आत होतं. रूममेट होतो तेव्हापासून असेल. "तुला काय करायचंय इतकं बारीक ऐकून? त्याच्यात हायेच काय, मेंढराच्या घंटा!"

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि खाली बघितलं. मी त्याचा हेडफोन माझ्या पिशवीत घातला, माझा, म्हणजे सुरेख विणलेल्या केबलचा तो, टेबलावर ठेवला. त्याने अडवलं नाही. ज्या खांद्यावर त्याने बापाला नेलं होतं तो खांदा मला दारातून बाहेर पडताना घासला. तेवढाच आमचा निरोप.

घरी येऊन आईपुढे हेडफोन धरला. ती म्हणाली, "कशाला बाबा पुन्हा?" मी काही न बोलता तिच्या डोक्यावर चढवला. थोड्या वेळाने तिचा हात वर गेला आणि पदर पुढे ओढला गेला. "कुठं गेलते?" एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं, "तलवाड्याला." तिला वाटलं मी माझं सांगतोय.

आता ती पुन्हा टोपडं मागते आणि मी देतो. मीही ऐकतो. सगळं पहिल्यासारखं स्पष्ट आहे, घंटा, खोकला, ते वाक्य. पण पूर्वी "मी हाय ना मागं" ऐकलं की जिवाला धीर यायचा. आता बाप तेच म्हणतो आणि मी हेडफोन काढून मागं वळून बघतो, कोण आहे म्हणून.