दिसायला दहा, कामाला दोन

हे वाक्य माझं आहे. आमच्या गावात जुन्या सिनेमांवर बोलणारी जी काही मोजकी माणसं उरली आहेत, त्यांच्या तोंडी ते अजून असतं. मूळ कुणाचं हे बहुतेकांना आठवत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायचं ठरवलं की मी सांगत नाही, हा माझा स्वभाव आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही सिनेमा दाखवतो. बहुतेक वेळा हॉलिवूडचा, जुना, काळा-पांढरा. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे आधी थोडं बोलायचं काम माझ्याकडे. सिनेमा सुटला की सगळे मिसळीला. आणि मिसळ खाता खाता मार्क द्यायचे, ही आमची रीत. दिग्दर्शकाला किती, हिरोला किती, आणि कटाची दुसरी वाटी आली की हिरॉईनला किती. अशाच एका रविवारी, चमचमत्या झग्यातल्या एका सोनेरी केसांच्या नटीबद्दल मी म्हणालो, "दिसायला दहा, कामाला दोन."

सगळं टेबल हसलं. एकाला तर ठसका लागला. मला बरं वाटलं. मी कमी बोलणारा माणूस, माझ्या बोलण्यावर टेबलभर माणसं हसली असं क्वचितच झालेलं. पुढच्या वेळी मी तेच पुन्हा म्हणालो. मग इतर म्हणायला लागले. मग तर पोस्टर बघूनच, सिनेमा सुरू व्हायच्या आधीच लोक म्हणायला लागले.

टेबलाच्या टोकाला माझी बायको बसलेली असायची. ती हसायची नाही आणि रागवायचीही नाही. कांदा मागून घ्यायची.

ती देखणी होती. चंदगडहून शिकायला इथं आलेली, मी तिच्या पुढच्या वर्गात आणि कॉलेजच्या नाटकांचा दिग्दर्शक. मी तिला राणी केली, अप्सरा केली, एकदा देवी केली. म्हणजे काय, तर हातात तबक घेऊन उभं राहायचं. बोलायची कामं मी दुसऱ्या मुलींना दिली. देखण्या मुलीला मोठं काम दिलं तर लोक काय म्हणतील, ही एक भीती होती. देखण्या मुलीला काम जमतच नाही, ही एक खात्री होती. लग्न झालं तेव्हा भीती गेली, खात्री राहिली.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती छोटा सिनेमा करते आहे, कसबा बावड्यात, साखर कारखान्यामागच्या एका घरात. अंथरुणाला खिळलेल्या सासूजवळ दिवसभर बसून असणाऱ्या बाईचं काम. बोलणं जवळजवळ नाहीच. "काकू, तुम्हीच करा," ती बायकोला म्हणाली. "पहिल्या रविवारपर्यंत सांगा, मग मला दुसरं कुणी बघावं लागेल."

बायको हसली. "अगं, दहा होते तेव्हा कामाला दोन होते. आता दिसायला चार राहिले. उगाच तुझा सिनेमा नापास व्हायचा."

विद्यार्थिनीला काही कळलं नाही. मला कळलं. मी चहा आणायच्या निमित्तानं आत गेलो आणि दूध उतू जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

त्या पहिल्या रविवारी दाखवायचा, त्याच सोनेरी केसांच्या नटीचा सिनेमा मी एका दुपारी लावून बसलो. बायकोचं डोकं दुखत होतं, ती पलीकडच्या खोलीत झोपलेली. म्हणून आवाज बंद केला. सिनेमा मला तोंडपाठ, वर्गात कितीदा तरी शिकवलेला. त्यात सकाळच्या न्याहारीचा एक प्रसंग आहे. नायक या नटीला सांगतो की तो दुसरीशी लग्न करणार आहे. लांबलचक संवाद, सगळा त्याचाच, कॅमेराही बहुतेक त्याच्यावरच. ती कडेला अर्धी दिसते. रेशमी झगा, बाह्यांना फर, केसांची एक बट जागची हलत नाही. वर्गात मी त्या संवादातल्या क्रियापदांवर बोलायचो. मुलं झग्याकडे बघायची.

आवाज नव्हता म्हणून मीही पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. ती पावाच्या स्लाइसला लोणी लावते आहे. कडेपर्यंत, चारी कोपऱ्यांपर्यंत, हवामानाची बातमी ऐकावी तसं ऐकत. ओठ बघून मला कळलं, तो आता म्हणतोय, "मला तुझ्याबद्दल आदर आहे." सुरी थांबली. एवढीशीच थांबली. मग लोणी लावून झालेल्या कोपऱ्यावरून ती पुन्हा फिरली. आणि बाईनं तो स्लाइस उचलून त्याच्या ताटात ठेवला.

मी मागं घेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा बघितलं. तिनं मान खाली घातलेली नाही, कारण मान खाली गेली तर चेहऱ्यावर सावली पडेल. झगा अंगावरच शिवल्यासारखा, त्यात धड टेकूनही बसता येत नसेल. डोळ्यांत पाणी आणायची सोय नाही, काजळ आहे. म्हणजे तिच्या हातात एक सुरी आणि एक पाव, एवढंच. एवढ्यात तिनं सगळं केलं, आणि मी तिला दोन मार्क देत आलो.

मग मला ते तबक आठवलं.

स्पर्धेचं नाटक. दरबाराचा प्रवेश, आणि आमचा राजा वाक्य विसरला. साफ विसरला. मी विंगेत घामानं भिजलो. राणीला त्या प्रवेशात एकही वाक्य नव्हतं. तिनं तबक खाली ठेवलं, सावकाश चालत राजापाशी आली, प्रेक्षकांकडे पाठ करून त्याच्या खांद्यावर अडकलेली माळ सोडवायला लागली. राजानं मान वर केली आणि पुढचं वाक्य म्हटलं. लोकांना वाटलं, राणीच्या हातानं त्याला बळ आलं. थिएटर टाळ्यांनी भरलं. राजाला पदक मिळालं. वाक्य तिनं त्याच्या कानात सांगितलं होतं, हे त्यानंच मला त्या संध्याकाळी सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. आणि मेकअप उतरवणाऱ्या तिला मी काय म्हणालो? "तबक का खाली ठेवलंस?"

त्या रविवारी मी हॉलमध्ये उभा राहिलो आणि सिनेमाबद्दल काही बोललो नाही. म्हणालो, "आज एका पावाकडे बघा. न्याहारीच्या प्रसंगात मी आवाज बंद करणार आहे." कुजबुज झाली. मी आवाज बंद केला.

दिवे लागल्यावर आमचे फर्निचरवाले पहिले बोलले. ते हळू बोलत नाहीत. "सर, लोणी लावलं म्हणून अभिनय व्हय? आमची बी लावती की रोज!"

"कशी लावते, बघितलंय कधी?"

"न्हाई ओ. मी पेपर बघत असतो."

हॉल हसला. मी हसलो नाही. बोलायचं ठरवून आलो होतो, ते बोललो. हीच बाई पावडर पुसून, केस विस्कटून, फाटक्या झग्यात पडद्यावर आली असती तर आपण सगळे उठून म्हणालो असतो, काय काम केलंय! म्हणजे तिनं आधी चेहरा मोडून दाखवायचा, मग आपण तिला नटी म्हणणार. हिरोच्या गालावर व्रण असला की तो व्यक्तिरेखा, आणि हिचे गाल चांगले म्हणून ही बाहुली. तो निर्विकारपणे नुसता सिगारेट ओढत उभा राहिला तरी आपण त्याला संयत म्हणतो. ही संयत असली की आपण म्हणतो, हिला येत नाही.

आमच्यातले दाताचे डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण सर, ती सुंदर आहे, हे तर मान्य कराल?"

"मान्य. मग त्याचे मार्क कामातून का कापता?"

"आम्ही कुठं कापले?" फर्निचरवाले उसळले. "दिसाया धा, कामाला दोन, हे तुमचंच की ओ!"

त्यांना आठवत होतं तर.

"माझंच," मी म्हणालो. "चुकीचं आहे. परत घेतो."

"असं कसं परत घेता? इतकी वर्सं वापरलं आमी."

"म्हणूनच घेतोय. आणि पुढच्या महिन्यापासून अशाच बायकांचे सिनेमे लावणार. ज्यांना फक्त झगे बघायचे असतील त्यांनी झगे बघावेत. मी आता कुणाची समजूत काढणार नाही."

बायको शेवटच्या रांगेत बसली होती. माझा सगळा जोर तिच्यासाठी होता, हे सांगायला नको. मी बोलायचं, तिनं ऐकायचं आणि विद्यार्थिनीला हो म्हणायचं, असं मी मनात बसवून आलो होतो. दिग्दर्शकाची सवय जात नाही.

मिसळीला त्या दिवशी कमी लोक आले. मार्कांचा विषय कुणी काढला नाही, त्यामुळे काय बोलावं हे कुणालाच सुचेना. कटाची दुसरी वाटी आली. मी बायकोकडे वाकून म्हणालो, "आज शेवटचा दिवस आहे. फोन करतेस ना तिला?"

"बुधवारीच केला."

"काय म्हणालीस?"

"हो म्हटलं."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही काय परीक्षक हाय व्हय?" तिनं लिंबू पिळलं. "चांगलं बोललात आज. पण तबकाचं न्हाई बोललात."

तिला सगळं माहीत होतं, मला माहीत आहे हेसुद्धा. इतकी वर्षं टेबलाच्या टोकाला बसून ती कांदा मागत होती, आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं.

"बोलायला हवं होतं," मी म्हणालो.

"मग लिहा आता. आणि शूटिंगला यायचं न्हाई."

ताटलीत ब्रेडचा एकच स्लाइस उरला होता. तिनं तो उचलला. मी बघत होतो. तिनं तो कटात बुडवला आणि सावकाश, शेवटच्या घासापर्यंत, स्वतः खाल्ला.

आज ती सकाळीच शूटिंगसाठी बावड्याला गेली आहे. मी घरी बसून लिहितो आहे. तिनं तबक का खाली ठेवलं, ते मला तेव्हाच माहीत होतं.