आत आहेत गं

कुलसंमेलनात पडद्यावर आमची वंशावळ होती. दादा नावापुढच्या बाणावर टिचकी मारी आणि खालची पिढी उलगडे. कॉम्प्युटरवर ती मी बांधली होती. जुन्या वंशावळीत नुसते मुलगे, म्हणून पार खापरपणजोबांपासून प्रत्येक नावाच्या आत मी ‘मुली’ हा नवा कप्पा घातला होता. आत्यांची, पणजीच्या नणंदांची नावं दादानेच हौसेनं शोधून दिली होती. आता त्यानं बाबांचं नाव उघडलं, तर खाली एकटा दादा.

“मुली कुठे गेल्या?” मी हळूच विचारलं.

“आत आहेत गं. फक्त दाखवत नाही. काका लोकांना आवडलं नसतं.”

झाडाची मुळंही दिसत नाहीतच, असं मी मनाला समजावत होते. तेवढ्यात एका काकांनी विचारलं, “छान झालंय. कुणी केलं?”

“घरातच केलं,” दादा म्हणाला आणि त्यानं पुढचं नाव उघडलं.