दुपारचा गोंगाट

श्री. यशवंतराव पिंपळशेंडे, वरिष्ठ निरीक्षक, भूकंपमापन केंद्र, रायपूर. मूळ जिल्हा चंद्रपूर. वर्तणूक समाधानकारक. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर व्रण. सदर कर्मचाऱ्याने आपल्या कार्यकाळात केंद्रातील दुपारच्या गोंगाटात उल्लेखनीय घट घडवून आणली असून त्याबद्दल शाल व श्रीफळ देऊन त्यांचा गौरव करण्यात येत आहे.

हा गोंगाट कानांनी ऐकायचा नव्हे. तेलीबांध्याच्या पुढे, रस्त्यापासून बरंच आत, खडकात एक तळघर आहे आणि त्यात जमिनीचा थरकाप टिपणारं यंत्र. जगात कुठेही मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून इथवर येतात. घट्ट खडकातून लवकर, मऊतून उशिरा. द्रव लागला तर त्यांतली एक जात पोचतच नाही. कोण कधी आलं नि कोण आलंच नाही, यावरून आत काय आहे ते ठरवायचं. शाळेची मुलं आली की यशवंतराव सांगत, "बाजारात टरबूज थापटून घेता ना, तेच. फक्त चाकू लावायचा नाही."

रायपूर राजधानी झाल्यापासून पडद्यावर गर्दी झाली होती. उरला गावच्या कारखान्यांतलं लोखंड लादलेले ट्रक, नव्या रस्त्यांचे रोलर, मंत्र्यांचे ताफे, सगळं उमटे. आणि दुपारी शारदाबाई उमटत.

क्वार्टर अंगणापलीकडेच होतं. यंत्राजवळ कोणी फिरू नये असा खात्याचा नियम होता. नवऱ्यानं थंड जेवू नये असा शारदाबाईंचा. त्या डबा घेऊन निघाल्या की पडद्यावर बारीक काट्यांची रांग उमटायची. ती दिसली की यशवंतराव हात धुवायला उठत. शहरातल्या ऑफिसात हीच नोंद बघणारी राधिका फोन करून म्हणायची, "अंकल, आंटी निघाल्या. आज भाजी कोनती?"

जेवताना ते बायकोला ज्ञान देत. एकदा म्हणाले, "सूर्यबी थरथरते. त्याच्यावरून त्याच्या आतलं समजते लोकाइले."

"अन् त्याले कोनी विचारते का, बाबा, दुखते काय म्हणून?"

"त्याले कायले विचारा लागते? दिसते न."

त्या उन्हाळ्यात शारदाबाईंच्या डाव्या खुब्यात गाठ वाढत होती. दुखतं एवढं त्यांना माहीत होतं. शहरातल्याच बूढापाऱ्यातल्या माहेराहून त्या मलमाची डबी आणत आणि चोळत. नवऱ्याला सांगितलं तर तो दवाखान्यात नेईल आणि तिथं कळेल, म्हणून सांगत नव्हत्या.

यशवंतरावांना पडद्यावर कळलं. काट्यांची रांग बिघडली होती. एक काटा उंच, पुढचा बुटका, पुन्हा उंच. त्यांनी नोंद ताणून पाहिली, चष्मा पुसून पाहिली, आणि शालिग्राम मिस्त्रीला बोलावलं.

"काहून उखडून राहिले अंगण?" शारदाबाई दारात येऊन म्हणाल्या.

"फरशी पोकळ झाली. तुझं एक पाऊल बसते, एक बसतच नाही."

"मंग माझं पाऊल पाहा न. फरशी काय पाहता?"

"पावलाले काय होते!"

शारदाबाई हसल्या. मिस्त्रीला चहा देत म्हणाल्या, "देखो भैया, इनको धरती के पेट का सब पता है. अब आँगन की बारी है."

"हव दीदी," मिस्त्री म्हणाला आणि छिन्नी मारली.

नव्या फरशीवरूनही काटे तसेच उमटले. मग यशवंतरावांनी यंत्राची पातळी तपासली, तीही चोख निघाली. शेवटी राधिकाला विचारलं. ती म्हणाली, "अंकल, यंत्र एकदम बरोबर आहे. आंटी तो ठीक हैं न?"

"हो न. डबा आणते रोज."

पावसाळा सरल्यावर एका दुपारी रांग सुरू झाली आणि मध्येच तुटली. यशवंतराव हात धुऊन उभे होते. त्यांनी आधी वायर तपासली. मग जोडणी तपासली. हिरवा दिवा लागलेला होता. मग ते तळघरातून वर अंगणात गेले.

शारदाबाई नव्या फरशीवर बसल्या होत्या. डबा मांडीवर सरळ धरलेला. वरण सांडलं नव्हतं.

"उठता नाही येऊन राहिलं जी," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या."

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. खुब्याचं हाड आतून पोखरलेलं होतं. यशवंतराव फोटोजवळ गेले, थोडे मागे झाले, पुन्हा जवळ गेले. आतलं बघायची त्यांना सवय होती.

"बरेच महिने झालेत," डॉक्टर म्हणाले. "चालण्यात काही फरक नाही जाणवला तुम्हाला?"

"जाणवला," यशवंतराव म्हणाले. "मी फरशी बदलली."

डॉक्टरांना वाटलं, धक्का बसलाय. त्यांनी खुर्ची पुढे केली.

पुढच्या वार्षिक समारंभात मोठ्या पडद्यावर आलेख दाखवला. दुपारच्या भोजनाच्या सुमाराला वर उठणारी रेघ वर्षाअखेर सपाट झालेली होती. साहेबांनी निरीक्षकांच्या शिस्तीचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. राधिका मागच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. यशवंतरावांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि आलेख नीट कळत नसल्यासारखा पुन्हा एकदा पाहिला.

शारदाबाई फाल्गुनात वारल्या. डबा आता मेसमधून येतो; सायकलवाला तो फाटकावरच ठेवून जातो.