रखमाचं काम

मुरगुडात इलाही टेलरचं दुकान बाजाराच्या वाटेवर होतं. पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते शिलाईमुळं नव्हे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून तो नाटकात बाईचं काम करायचा. अंग शेलाटं, आवाज मऊ, आणि नऊवारी अशी चापून नेसायचा की नव्या पावण्यांना शेवटपर्यंत पत्ता लागत नसे. त्याची बायको सुगरा मात्र कधी नाटकाला गेली नाही. नवऱ्याला लुगड्यात बघायचं तिला नको वाटायचं.

चौऱ्याहत्तर साली कृष्णात गुरुजींनी कलापथक उभं केलं. गावाबाहेर ओढ्याला हातभट्टी लागायची आणि तिनं निम्मी घरं पोखरली होती. गुरुजींनी दारूवर नाटक लिहिलं, ते बाजारातल्या कट्ट्यावर व्हायचं. दारुड्याची बायको रखमा, म्हणजे अर्थातच इलाही. शेवटच्या प्रवेशात तो ऊर बडवून असा टाहो फोडायचा की कट्ट्यापुढं बसलेले पैलवानसुद्धा पटक्यानं डोळे पुसायचे. आणि डोळे पुसून झाले की त्यातलेच दोघंचौघं ओढ्याची वाट धरायचे. इलाहीनं ते दोनतीनदा आपल्या डोळ्यांनी बघितलं. आपलं काहीतरी चुकतंय एवढं त्याला कळत होतं, पण काय ते उमगत नव्हतं.

एके दिवशी बयाबाई झंपर शिवायला टाकायला आली. दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणारी बाई. तिचा नवरा ज्ञानू रोज ओढ्यावर असायचा आणि रात्री तिला मारायचा, हे गावाला ठाऊक होतं. माप देऊन झाल्यावर ती म्हणाली, ‘‘इलाहीभाई, रडता झ्याक तुमी. पन बाई आशी रडत न्हाय.’’

इलाहीनं मशीन थांबवलं. ‘‘मग कशी रडती?’’

‘‘रडतच न्हाय की. पोरं जागी हुतील न्हवं? भांडी घासत बसती.’’

आणि तिथंच उंबऱ्याशी उकिडवी बसून तिनं नसलेलं पातेलं घासायला घेतलं. मान खाली, हात गरागरा फिरतोय, तोंडातनं शब्द नाही. इलाही मशीनवरनं उठून तिच्यासमोर उकिडवा बसला.

पुढच्या तालमीत त्यानं तसंच करून पाहिलं. जमेना. वीस वर्षांची सवय, हात आपोआप उराकडं जायचा. चार दिवस तो घुसमटला. मग गुरुजींना म्हणाला, ‘‘रखमाचं काम बयाबाईला द्या.’’

‘‘खुळा का काय? घरंदाज बाई कट्ट्यावर उभी केली तर लोक काय म्हणतील?’’

‘‘काय म्हनायचं ते म्हनू देत. मी निस्ता रडतोय गुरुजी. तिला ठावं हाय.’’

बयाबाई तर ‘नको’ म्हणून हातच जोडायला लागली. तेव्हा सुगरा तिच्या घरी गेली. म्हणाली, ‘‘मी म्होरं बसते, बये. तू माज्याकडं बघून बोल. कोन काय बोललं तर मी हाय.’’

ज्ञानूला कळलं तसा तो दुकानात येऊन थडकला. शिवलेले कपडे त्यानं रस्त्यावर फेकले. ‘‘माज्या बायकोला नाचीवतोस व्हय रं?’’

इलाहीनं एकेक कापड उचललं, झटकलं. ‘‘नाचायचं न्हाय, ज्ञानू. भांडी घासायची हायत. येऊन बघ की.’’

बाजारादिवशी दुपारी प्रयोग लागला. सुगरा डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. बयाबाई रोजच्याच लुगड्यात आली, बसली, घासायला लागली. आणि भाषण विसरली. पडद्यामागनं इलाही वाक्य सांगत होता. तिला ऐकू येत नव्हतं. बाजाराचा गलका हळूहळू थांबला. मग तिनं मान वर केली आणि सुगराच्या आसपास बसलेल्या बायांना विचारलं, ‘‘काल कुनाच्यात चूल पेटली न्हाय गं?’’

हे गुरुजींनी लिहिलेलं नव्हतं. मग मागनं एक म्हातारी म्हणाली, ‘‘आमच्यात.’’ दुसरी म्हणाली, ‘‘आमच्यातबी.’’ नाटक पुढं सरकलंच नाही. बाया बोलत राहिल्या, गडी खाली बघत राहिले. गर्दीच्या कडेला ज्ञानू उभा होता. तो तिथनं निघून गेला.

आठवड्याभरात चाळीसेक बाया ओढ्यावर गेल्या आणि त्यांनी भट्टीची मडकी फोडली. सहा महिन्यांनी भट्टी पलीकडच्या माळावर लागली. बाया तिथंही गेल्या. ज्ञानूची दारू काही सुटली नाही. पण बायकोवर हात उचलायचं त्यानं बंद केलं. कट्ट्यावर कोण काय विचारील याचा त्याला धसका बसला होता.

बयाबाईनं पुढं सात वर्षं, पार गडहिंग्लजपासून उचगावपर्यंत रखमा केली. पथकात आणखी तीन बाया आल्या, आणि इलाहीला पुन्हा बाईचं काम मिळालं नाही. तो पडद्यामागं बसून वाक्यं सांगायचा, लांबवर आवाज कसा टाकायचा ते बायांना शिकवायचा.

एकदा सुगरानं त्याला विचारलं, ‘‘वाईट वाटतंय व्हय तुमास्नी?’’

‘‘वाटतंय की,’’ तो म्हणाला. ‘‘लई वाटतंय. तिथं उभारलो की मी कोन तरी हुतो.’’ त्यानं सुई ओवली. मग म्हणाला, ‘‘पन मी रडलो की लोक डोळं पुसून उठून जात हुते, सुगरा. बयाबाई बोलली तवा कोन उठंना.’’