पडद्यावरचा बाप रडलाच नाही

नाटकात अपराधी बाप म्हणून आमच्या वडिलांचा हात कुणी धरला नसता. दिवसा ते अंबडच्या एका कारखान्यात लेथवर असायचे आणि एरवी कामगारांच्या नाट्यस्पर्धेची तालीम करायचे. नाटक विलायती, रूपांतर मराठी. घराची अब्रू राखायला बाप एक गोष्ट लपवतो, मुलीच्या आयुष्याची माती होते आणि शेवटच्या अंकात तो तिच्यापुढे गुडघे टेकून ढसाढसा रडतो. त्या रडण्याला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. ढाल आमच्या रेडिओवर विराजमान झाली.

घरी त्यांचं पाठांतर आत्या घ्यायची. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. सायखेड्याच्या ज्या माणसाशी तिचं लग्न लावलं, त्याची पहिली बायको जिवंत होती. वडिलांना हे लग्नाआधीच कळलं होतं, पण तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. ते गप्प बसले. वर्षाच्या आत आत्या ट्रंक घेऊन परत आली ती कायमचीच. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे बोलायची कुणाला गरज वाटत नसे.

तर स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता आत्या नाटकातल्या मुलीचं वाक्य म्हणायची, "तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?" आणि वडील पाटावर बसून तिची माफी मागायचे. ते अडले की तव्यावरची नजर न काढता ती पुढचा शब्द द्यायची. आई शेजारी गवार मोडत असायची. माफी झाली की वडील ताट वाढायला सांगायचे.

ऐंशी सालानंतर केव्हातरी गावातल्या फिल्म सोसायटीनं त्याच नाटकावरचा जुना इंग्रजी सिनेमा आणला. रविवारी सकाळी वडील आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. त्या गोऱ्या नटापेक्षा आपण कुठे सरस ठरलो, हे घरच्यांना दिसायला हवं होतं. आत्याला इंग्रजीचा गंध नव्हता. तरी अंधारात तिचे ओठ हलत होते, आणि बरोबर हलत होते.

शेवटचा प्रसंग आला तसे वडील सरसावून बसले. पडद्यावरचा बाप रडलाच नाही. त्यानं गुडघेही टेकले नाहीत. मुलीच्या डोळ्यांत बघून तो दोन-चार शब्द बोलला आणि नुसता उभा राहिला. सिनेमा संपला.

बाहेर पडल्यापासून वडील चिडलेले. यात अभिनय तो कुठला, रडायचं नसेल तर माणसानं ही भूमिका घ्यावीच कशाला, असं शालिमारच्या चौकापर्यंत चालू होतं. आई हं हं करत होती. मला त्यांची कीव येत होती आणि रागही. उन्हात पदर डोक्यावर घेऊन चाललेली आत्या एकाएकी थांबली.

"तुला माहीत होतं ना, दादा?"

वडिलांनी सवयीनं तोंड उघडलं. उत्तर त्यांना झोपेतसुद्धा पाठ होतं, पण ते नाटकातल्या बाबांचं होतं.

"हो," ते म्हणाले, आणि अडले.

मग त्यांनी आत्याकडे पाहिलं, तालमीत अडल्यावर बघायचे तसं. तिनं शब्द दिला नाही. रस्त्याच्या कडेला ती तशीच वाट बघत उभी राहिली.